तीस मीटर खाली फुगणारं जाकीट

स्कूबा डायव्हिंगची चित्रफीत पाहताना विज्ञानाची थोडीफार आवड असलेल्या माणसाला एक शंका हमखास येते. पाणबुड्या तीस मीटर खोल गेलेला असतो. वरची हवा आणि डोक्यावरचं पाणी मिळून तिथला दाब जमिनीवरच्या दाबाच्या चौपट असतो. पाणबुड्या खांद्यावरून छातीवर आलेल्या नळीचं बटण दाबतो आणि अंगातलं जाकीट निमूट फुगतं. चारी बाजूंनी एवढा दाब असताना कापडाची एक पिशवी फुगते तरी कशी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे सविस्तर येईलच. पण त्यामागची समजूत मात्र उलटी आहे. खोलवर हवा भरणं कठीण आणि एकदा ती भरली की काम झालं, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पाण्याखाली हवा भरणं हा या साधनाचा सर्वांत सोपा भाग आहे. भरलेली हवा वेळेवर आणि मापात बाहेर काढणं हा अवघड भाग. या जाकिटाची रचना, त्याचा इतिहास आणि त्याच्या वापरात होणाऱ्या चुका या तिन्ही गोष्टी या दुसऱ्या अडचणीभोवती फिरतात, हे एकदा लक्षात आलं की डायव्हिंगच्या प्रशिक्षणात बटण दाबायला शिकवण्यापेक्षा हवा सोडण्याचा सराव इतका का करून घेतात तेही कळतं.

आधी हे जाकीट हवंच कशाला, ते पाहू. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत सर्वांनी पाठ केलेलं असतं: बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका वरच्या दिशेने रेटा तिला मिळतो. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम भरतं. माणसाचं शरीर, त्याचा सूट आणि सिलिंडर मिळून शंभर लिटर जागा व्यापत असतील, तर त्यांचं एकूण वजन साडेएकशेदोन किलोच्या आसपास असताना तो ना बुडतो ना तरंगतो. पण ही बरोबरी टिकत नाही. थंडीपासून वाचण्यासाठी घातलेला निओप्रीनचा सूट म्हणजे रबरात अडकलेल्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांचा थर असतो. तो पृष्ठभागावर माणसाला वर उचलून धरतो, म्हणून खाली जाण्यासाठी कमरेला शिसं बांधावं लागतं. खाली गेल्यावर मात्र ते बुडबुडे दाबाने चेपले जातात, सूट पातळ होतो, त्याचा आधार कमी होतो आणि शिसं तेवढंच राहतं. त्यामुळे पाणबुड्या जितका खाली जाईल तितका अधिकच जड होत जातो. दुसरा बदल याच्या विरुद्ध दिशेचा आहे. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेली हवा जमिनीवर मोकळी केली तर सुमारे 2400 लिटर होते आणि तिचं वजन जवळजवळ तीन किलो असतं. डाइव्ह संपेपर्यंत त्यातली दोन किलोंहून जास्त हवा श्वासावाटे बुडबुड्यांच्या रूपाने निघून गेलेली असते. हा सगळा जमाखर्च मिटवण्यासाठी अंगावर एक अशी पिशवी हवी, जिचं आकारमान हवं तेव्हा वाढवता आणि कमी करता येईल. डायव्हिंगवाले तिला बीसीडी किंवा नुसतं बीसी म्हणतात.

आता मूळ शंका. पाण्याचा दाब पिशवीला फुगू देत नाही, असं आपल्याला वाटतं, कारण आपण मनात आतली हवा जमिनीवरच्या दाबाची धरतो. पण पिशवी मऊ आहे. मऊ पिशवीतली हवा बाहेरच्या दाबाशी झुंजत नाही. ती त्याच दाबाला येऊन थांबते. तीस मीटरवर पिशवीत शिरलेली हवा चार बारची असते आणि बाहेरचं पाणीही चार बारचं, त्यामुळे कापडाला दोन्हींतला कुठलाच ताण सोसावा लागत नाही. पिशवी फुगायला आत येणारी हवा चार बारपेक्षा किंचित जास्त दाबाची असली की पुरे. सिलिंडरमध्ये तर दोनशे बार आहेत. मधला दुवा म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला रेग्युलेटरचा पहिला टप्पा. सिलिंडरमधला प्रचंड दाब तो भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण नऊ-दहा बार जास्त, एवढ्यावर आणून ठेवतो. ‘भोवतालच्या पाण्यापेक्षा’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. या टप्प्यात एक पडदा किंवा दट्ट्या असतो आणि त्याच्या एका बाजूला स्प्रिंगबरोबर समुद्राचा दाबही काम करत असतो. माणूस खाली गेला, पाण्याचा दाब वाढला, की पडदा तेवढा जास्त रेटला जातो आणि पुढे सोडल्या जाणाऱ्या हवेचा दाबही तेवढाच वाढतो. म्हणजे जो दाब पिशवीला फुगू देणार नाही असं आपण म्हणत होतो, तोच दाब फुगवणाऱ्या हवेचा दाब आपोआप वाढवत असतो. जाकिटाची नळी याच टप्प्यातून हवा घेते. इतकंच नव्हे, नळी बिघडली तर तीस मीटरवर हे जाकीट तोंडाने फुंकूनही भरता येतं. रेग्युलेटरने दिलेल्या श्वासामुळे माणसाच्या फुप्फुसांतली हवासुद्धा तिथे चार बारचीच असते. पृष्ठभागावरून लांब नळी खाली सोडून तीतून श्वास घेऊ म्हटलं तर एक मीटरवरच छाती थकते, ती याच कारणाने: वरून येणारी हवा एका बारची आणि छातीवरचं पाणी त्याहून जास्त दाबाचं.

इथे जाणकार वाचक दोन आक्षेप घेईल. पहिला असा की, दाबलेली हवा दाट आणि जड असते, मग तिची उचलण्याची ताकद कमी होत नसेल का? होते, पण नगण्य. उचल ठरते ती बाजूला सारलेल्या पाण्यावरून, आतल्या हवेच्या दाबावरून नव्हे. तीस मीटरवर एक लिटर हवा जेमतेम पाच ग्रॅमची असते आणि तिने सारलेलं पाणी हजार ग्रॅमहून जास्त. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एक लिटर पिशवी भरायला तिथे जमिनीवरची चार लिटर हवा लागते, म्हणजे श्वासाची हवा जाकिटात वाया जाणार. हिशेब मांडून पाहू. सूट चेपल्यामुळे तीस मीटरवर तीन किलोंचा आधार गेला असं समजा. तो भरून काढायला पिशवीत सुमारे तीन लिटर, म्हणजे मोकळ्या मापाने बारा लिटर हवा लागेल. शांतपणे पोहणारा माणूस जमिनीच्या मापाने मिनिटाला पंधरा-वीस लिटर हवा घेतो आणि तीस मीटरवर त्याच्या चौपट, म्हणजे साठ ते ऐंशी लिटर. जाकिटाने खाल्लेली हवा झाली दहा-बारा सेकंदांच्या श्वासाइतकी. हवा वाया जातेच, पण ती या एकदाच्या भरण्यात नाही. सारखी भरत-सोडत बसण्यात ती जाते. एक फरक मात्र खोलीत खरोखरच जाणवतो. पिशवी फुगते, पण हळू. नळीतून मिनिटाला येणाऱ्या मोकळ्या हवेचं प्रमाण खोलीबरोबर थोडंच वाढतं आणि तीच हवा चौपट आक्रसलेली असते, त्यामुळे ढोबळ हिशेबाने तीस मीटरवर तेवढीच पिशवी भरायला पृष्ठभागापेक्षा तिप्पट वेळ बटण दाबून धरावं लागतं. वेगाने खाली जाणाऱ्या नवख्याला वाटतं की जाकीट बिघडलं. ते चालू असतं, फक्त त्याने बटण उशिरा दाबलेलं असतं.

खोलीत हवा भरणं आज सोपं वाटतं ते हवेचा साठा मोठा असल्यामुळे, हेही मान्य करायला हवं. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग तयार केलं तेव्हा असं जाकीट नव्हतंच. पुढे आली ती गळ्यात अडकवायची तरंगजाकिटं, विमानात आपल्या सीटखाली असतात त्या जातीची. दोरी ओढली की कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी फुटून पिशवी भरायची. अशा सोळा ग्रॅमच्या कुपीतून पृष्ठभागावर आठ-साडेआठ लिटर वायू निघतो आणि बुडणाऱ्या माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला तो पुरतो. तीच कुपी तीस मीटरवर फोडली तर पिशवीत जेमतेम दोन लिटर. वायूची मात्रा ठरलेली, तेव्हा खोली वाढेल तशी उचल घटणार. ‘एवढ्या खोलीत जाकीट कसं फुगेल’ ही शंका या कुपीच्या बाबतीत पूर्णपणे खरी होती. मोरिस फेन्झी या फ्रेंच गृहस्थाने 1961 मध्ये ज्या जाकिटाचं पेटंट घेतलं, त्याला कुपीऐवजी एक छोटं सिलिंडर जोडलेलं होतं. मुख्य सिलिंडरमधून ते पुन्हापुन्हा भरता येई. नंतर ते छोटं सिलिंडरही गेलं आणि थेट रेग्युलेटरमधून नळी आली. त्या दिवसापासून हवा भरण्याचा प्रश्न व्यवहारात संपला.

पाणबुडी जहाजांच्या बाबतीत तो संपलेला नाही, आणि माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत मोठा दाखला तिथूनच येतो. अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी 10 एप्रिल 1963 रोजी खोल पाण्यातल्या चाचणीत 129 माणसांसह बुडाली. सुमारे 400 मीटरवर असताना तिने टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकलून वर येण्याचा प्रयत्न केला आणि तो अपुरा पडला. नंतर तिच्याच जातीच्या ‘टिनोसा’ या पाणबुडीवर धक्क्यालाच चाचणी घेतली, तेव्हा नळ्यांमधून वेगाने प्रसरण पावणारी हवा इतकी गार होते की तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन जाळ्या बंद पडतात असं दिसलं. मग खोलीत हवा भरणं सोपं कसं? फरक तत्त्वाचा नाही, प्रमाणाचा आहे. टाकीत हवा शिरण्यासाठी भोवतालच्या दाबाहून थोडा जास्त दाब पुरतो हे तिथेही खरंच आहे. पण 400 मीटरवर टाकीतली एक घनमीटर जागा मोकळी करायला एक्केचाळीस घनमीटर हवा लागते आणि शेकडो टनांचं पाणी मिनिटांच्या आत हलवायचं असतं. हौशी पाणबुड्याला चाळीस मीटरच्या आत पाच-दहा लिटर जागा भरायची असते. त्याच्या बाबतीत हवा भरण्याचा प्रश्न उद्भवतो तो सिलिंडर रिकामं झाल्यावरच, आणि तेव्हा जाकिटापेक्षा श्वासाची काळजी मोठी असते.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम सांगतो की तापमान तेच असेल तर वायूचं आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. आपल्या पाणबुड्याने तीस मीटरवर तीन लिटर हवा भरली आणि तो स्थिर झाला. तिथून तो हवा न सोडता वर निघाला, तर वीस मीटरवर ती हवा चार लिटर होते, दहा मीटरवर सहा आणि पृष्ठभागावर बारा. पहिल्या दहा मीटरमध्ये एका लिटरची वाढ, दुसऱ्या दहांमध्ये दोनची, शेवटच्या दहांमध्ये सहाची. शिवाय चेपलेला सूटही वाटेत पुन्हा फुगतो आणि आपले तीन किलो परत मागतो. पृष्ठभागाशी पोचेपर्यंत माणसाला सुमारे बारा किलोंचा रेटा वर ढकलत असतो, आणि या सगळ्या प्रवासात त्याने बटणाला एकदाही हात लावलेला नसतो. म्हणून हवेवर तोललेला माणूस पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखा असतो: हलली नाही तोवर स्थिर, जराशी कलली की त्याच बाजूला घरंगळणार. अर्धा मीटर वर सरकला की हवा फुगते, फुगलेली हवा आणखी वर नेते, तिथे ती आणखी फुगते. खाली सरकला की उलट. हा दोष कुठल्या कंपनीच्या जाकिटाचा नाही. दाबला जाणारा वायू मऊ पिशवीत ठेवला की तो येतोच. जुन्या काळचे, तांब्या-पितळेचं शिरस्त्राण घालून गोदीत उतरणारे पाणबुडे वरून पंपाने येणाऱ्या हवेवर जगत आणि त्यांचा अख्खा पोशाखच फुगत असे. हवा सोडायची झडप वेळेवर उघडली नाही की हातपाय ताठ झालेला माणूस वर फेकला जाई, आणि ताठ झालेल्या हातांनी झडपेपर्यंत पोचणंही त्याला जमत नसे. हवा भरायला तिथेही काही अडचण नव्हतीच.

भरणं आणि सोडणं या दोन क्रियांमागे उभे असलेले दाब शेजारी ठेवून पाहिले तर सगळा विषय उलगडतो, असं मला वाटतं. हवा आत ढकलायला नळीत नऊ-दहा बारचा फरक तयार असतो. बाहेर काढायला कुठलाही पंप नाही. पिशवीतल्या बुडबुड्याचा तळ आणि माथा यांच्या उंचीत जो फरक असेल, तेवढ्या पाण्याच्या दाबावरच हवा बाहेर जाते. तो फरक तीस सेंटिमीटरचा धरला तर दाब भरतो तीन शतांश बार. आत यायला लागणाऱ्या जोरापेक्षा बाहेर जायचा जोर सुमारे तीनशे पटींनी कमी. त्यामुळेच आत येणारी नळी बोटाएवढी बारीक चालते, पण बाहेर जायची नळी घडीघडीची आणि चांगली रुंद ठेवावी लागते. आणि म्हणूनच हवा सोडायची तर झडप बुडबुड्याच्या माथ्यावर यावी लागते. माणूस उभा असेल तर खांद्याजवळची, डोकं खाली करून पोहत असेल तर कमरेमागची. आडवं पोहता पोहता एखाद्याने छातीवरची नळी नुसती दाबून धरली, तर बटण बरोबर असूनही हवा जागची हलत नाही, कारण ती पाठीकडे गोळा झालेली असते. जाकिटाला जादा दाब सोडणारी झडप असते ना, मग भीती कसली, असंही विचारलं जातं. ती झडप पिशवी फाटू नये म्हणून आहे. पिशवी पूर्ण भरून कापड ताणलं जाईपर्यंत ती उघडतच नाही, म्हणजे ती उघडते तेव्हा माणूस आधीच सगळ्यात जोरात वर चाललेला असतो. कधी मीठ किंवा वाळू अडकून भरायचं बटण आत रुतून बसतं आणि हवा येतच राहते. तेव्हा नुसती हवा सोडत राहून भागत नाही. नळीचा सांधा ओढून ती जाकिटापासून वेगळी करणं हाच उपाय. म्हणून तो सांधा हातमोज्यातल्या बोटांनीही झटक्यात सुटेल असाच बनवतात.

पिशवी मऊ असल्यामुळे हे होतं, तर ती कडक का करत नाहीत? कडक डब्यातली हवा दाबली जाणार नाही, खोली बदलली तरी उचल तीच राहील. हा आक्षेप मला सर्वांत पटण्यासारखा वाटतो आणि तो फक्त कागदावर राहिलेला नाही. अमेरिकेतल्या डेकॉर कंपनीने 1970 च्या दशकात ‘नॉटिलस’ नावाचं कडक कवचाचं साधन बाजारात आणलं होतं. आतलं पाणी कमी-जास्त करून ते तोल साधायचं. अलीकडे सिलिंडरच्याच आत पाणी पंपाने भरून वजन वाढवणाऱ्या यंत्रणाही आल्या आहेत. नॉटिलस हे नाव ज्या समुद्री प्राण्याचं, त्याने ही युक्ती कोट्यवधी वर्षांपासून वापरली आहे, आणि कोकण किनाऱ्यावर फिरणाऱ्याने तिचा दुसरा नमुना हातात घेतलेला असतो. आयुर्वेदाच्या दुकानात विकलं जाणारं किंवा पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवलेलं समुद्रफेन म्हणजे माकुलाच्या पाठीतला कडक, सच्छिद्र तुकडा. प्लिमथच्या प्रयोगशाळेत एरिक डेंटन आणि जॉन गिल्पिन-ब्राऊन यांनी 1960 च्या आसपास दाखवून दिलं की माकूल या तुकड्याच्या कप्प्यांतलं द्रव कमी-जास्त करून आपला तोल सांभाळतं आणि आतल्या वायूचा दाब वातावरणाच्या दाबाहूनही कमी असतो. बाहेरचा सगळा भार भिंती पेलतात. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते: कवच जड असतं, काम संथ चालतं आणि भिंतींना झेपेल त्या खोलीखाली सगळंच चिरडतं. डेकॉरचं साधनही अवजड ठरलं आणि मागे पडलं. बहुतेक हाडाच्या माशांनी आपल्यासारखीच मऊ पिशवी पत्करली. घोळ माशाचा ज्याला बोत म्हणतात आणि जो सोन्याच्या भावाने विकला जातो, तो हाच अवयव. माशाजवळ सिलिंडर नाही. रक्तातला वायू ग्रंथीतून पिशवीत सोडत तो ती तासन्‌तास भरत राहतो, त्यामुळे भरण्याची अडचण त्याच्या बाबतीत खरीच आहे. पण सोडण्याची अडचण त्यालाही चुकलेली नाही. खोलातून गळाला लागलेला हेकरू भराभर वर ओढला की आतली पिशवी फुगून त्याचं जठर तोंडावाटे बाहेर येतं. मोरीसारख्या शार्कना अशी पिशवीच नसते, त्या यकृतात तेल साठवतात. तेल दाबलं जात नाही, तेव्हा फुगण्याचाही प्रश्न नाही.

कुस्तोच्या पिढीने जाकिटाविना वर्षानुवर्षं डाइव्ह केल्या, मग आता एवढं अवडंबर कशाला, असं म्हणणारे जुने लोक भेटतात. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ती पिढी फुप्फुसांनी तोल साधत असे आणि आजही कसलेला पाणबुड्या तेच करतो. पूर्ण भरलेल्या आणि बऱ्यापैकी रिकाम्या फुप्फुसांमध्ये तीन-चार लिटरचा फरक सहज पडतो, म्हणजे तीन-चार किलोंची उचल नुसत्या श्वासावर कमी-जास्त होते. चांगल्या पाणबुड्याचं जाकीट डाइव्हच्या मध्यात जवळजवळ शांतच असतं. बटणाचा वापर सूट चेपल्याची भरपाई करण्यापुरता, बाकीचं काम श्वास करतो. मात्र जाड सूट, थंड पाणी आणि जास्त खोली आली की सूटच्या चेपण्याने होणारा फरक फुप्फुसांच्या आवाक्याबाहेर जातो. शिवाय फुप्फुसं ही स्वतःच एक मऊ पिशवी आहे. श्वास रोखून वर येणाऱ्याच्या छातीतही बॉइलचाच नियम चालतो आणि भरल्या फुप्फुसांनी एक-सव्वा मीटर वर येणंसुद्धा फुप्फुसांच्या नाजूक पडद्यांना इजा करायला पुरेसं ठरू शकतं. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा डायव्हिंगचा पहिला नियम आणि ‘वर येताना जाकीट रिकामं करत या’ ही सूचना, दोन्ही एकाच कारणाने दिल्या जातात. अमेरिकन नौदलाने 1993 मध्ये वर येण्याचा वेग मिनिटाला 60 फुटांवरून 30 फुटांवर आणला, तो रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. पण हा वेग पाळणं ज्याच्या ताब्यात राहतं, त्याच्या जाकिटातली हवाही ताब्यात असावी लागते.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पर्यटकांना जी पहिली डाइव्ह घडवतात, ती सहसा दहा मीटरच्या आतच असते. ‘फक्त सात-आठ मीटर तर जायचंय’ असं म्हणून घरचे निश्चिंत होतात. नायट्रोजनच्या बाबतीत ही निश्चिंती बरोबर आहे. उचलीच्या बाबतीत नाही. अडतीस मीटरवरून तीसवर आलं तर जाकिटातली हवा वीस टक्के वाढते. आठ मीटरवरून पृष्ठभागावर आलं तर ऐंशी टक्के. अंतर तेवढंच, आठ मीटर. प्रमाणाने पाहिलं तर तोल सांभाळायला सगळ्यात चंचल पाणी हेच उथळ पाणी आहे, आणि पहिल्यांदा उतरलेल्या माणसाच्या जाकिटाचं बटण प्रशिक्षक स्वतःच्या हातात ठेवतो ते काही उगाच नाही. उचल हातची गेली तर त्याची झळ एकट्या माणसालाच बसते असंही नाही. मालवणचा किनारा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. जाकीट कमी भरलेला माणूस तळाशी आपटतो, जास्त भरलेला वर निसटतो, आणि या दोहोंमध्ये तो जे पाय झाडतो, ते प्रवाळांवर पडतात.

हवा सोडणं अवघड आहे हे मान्य केलं तर उपायही त्याच दिशेने शोधावा लागतो: पिशवीत मुळात हवाच कमी ठेवायची. ती किती लागणार हे कमरेचं शिसं ठरवतं. खाली जाता येत नाही म्हणून नवखा माणूस आणखी चार किलो शिसं मागतो, आणि ते सहज दिलंही जातं. त्या चार किलोंना तोलून धरायला जाकिटात चार लिटर जादा हवा भरावी लागते, आणि वर येताना फुगणारी, सोडावी लागणारी हवा तेवढीच वाढते. दहा मीटरवर हे चार लिटर असतील, तर वरपर्यंत न सोडता आल्यास त्यांचे आठ होतील. बऱ्याचदा खाली जाता न येण्याचं कारण शिसं कमी असणं हे नसतंच. भीतीने छातीत धरून ठेवलेला श्वास हे असतं, आणि त्या तीन लिटर हवेवरचा इलाज शिशाच्या दुकानात मिळत नाही. म्हणून शिसं ठरवण्याची चाचणी डाइव्हच्या शेवटच्या स्थितीला धरून करतात: सिलिंडरमध्ये पन्नासेक बार उरलेले, जाकीट पूर्ण रिकामं आणि श्वास नेहमीचा, अशा वेळी पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीवर यावी आणि श्वास सोडला की माणूस हळूहळू खाली जावा. सिलिंडर भरलेलं असताना चाचणी घ्यायची झाली, तर नंतर खर्च होणाऱ्या हवेपोटी दोनेक किलो शिसं वाढवून धरतात. हे वजन जुळलेलं असेल तर डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबताना जाकिटात हवा जवळजवळ उरलेलीच नसते, आणि तिथून वर येताना सोडायलाही फारसं काही राहत नाही.